बागेतलं नवं तळं: पाणी गढूळच राहतंय, निवळत नाही (बेलापूर)

बकुळफुले

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी बेलापूरला, पारसिक डोंगराच्या पायथ्याशी. मागच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं डेब्रिज पडून होतं. ते हटवून आम्ही काही रहिवाशांनी मे महिन्यात तिथे छोटं तळं केलं. लांबी १० फूट, रुंदी ७ फूट, खोली २ फूट. तळाशी रेतीचा थर आणि त्यावर शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा (अर्धा मिलिमीटर जाडीचा) प्लॅस्टिकचा कागद. कडेने लाल माती आणि मुरूम टाकून उतार केलाय, तिथे झाडं लावायची आहेत. एक छोटा पंप आणि स्पंजचा फिल्टर आहे. आत कुमुदाची दोन टोपली आणि थोडे गप्पी मासे.

पाणी भरलं तेव्हा तळ स्वच्छ दिसत होता. पहिला मोठा पाऊस झाला आणि पाण्याला दुधाळ चहाचा रंग आला. बोटभर खोल हात घातला तरी बोटं दिसत नाहीत. पावसाने उघडीप दिली तरी ते निवळत नाही. स्पंज रोज धुतो, मातीचं पाणी निघतं, पण तळ्यात फरक शून्य. सोसायटीतली मुलं रोज संध्याकाळी मासे बघायला येतात आणि हिरमुसून परत जातात. काही सभासदांचं म्हणणं, डास होतील, बुजवून टाका. मला हे तळं टिकवायचंय. नेमकं काय करावं?

सदस्य६१

तुरटी फिरवा. उद्या सकाळी पाणी स्वच्छ. आमच्या गावी पावसाळ्यात हंड्यात हेच करायचे.

कोलशेतकर

थांबा, मासे आत असताना अंदाजाने तुरटी टाकू नका. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत माझ्या डोळ्यांसमोर सगळे मासे वर येऊन मेले. तुरटीने पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, ७ च्या खाली आम्ल) खाली येतो, आणि आम्लधर्मी पाण्यात विरघळलेलं अॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. पाणी सुंदर निवळलं होतं, पण बघायला मासा उरला नव्हता.

स्पंजबद्दल: त्याची छिद्रं मातीच्या या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. रोज धुऊन उपयोग नाही, उलट त्यात वाढणारे उपयोगी जिवाणू नळाच्या क्लोरीनने मरतात. धुवायचाच तर तळ्यातल्याच पाण्याच्या बादलीत पिळा.

आणि कोणी यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा घ्या म्हणेल. घेऊ नका. तो शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यावरचा उपाय आहे, मातीवर त्याचा काही परिणाम होत नाही.

जुना_केमिस्ट

बकुळफुले, मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. पावसाळ्यातलं गढूळ पाणी हेच आमचं काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते पाणी कशाने गढूळ आहे ते ठरवा. काचेची बरणी तळ्यातल्या पाण्याने भरून रात्रभर हलवू नका. सकाळी खाली गाळ बसून वरचं पाणी स्वच्छ असेल तर तुमच्या तळ्यात काहीतरी सतत गाळ ढवळतंय, पंप किंवा मासे. पाणी हिरवट असेल तर सूक्ष्म शेवाळ. आणि सकाळीही तांबूस-तपकिरीच असेल तर ती चिकणमाती, जी आपणहून लवकर बसत नाही.

का बसत नाही, त्याचं ढोबळ गणित सांगतो. ०.१ मिलिमीटरचा रेतीचा कण शांत पाण्यात दोन फूट खाली जायला साधारण मिनिटभर घेतो. २ मायक्रॉनचा, म्हणजे चिकणमातीतला सगळ्यात जाड कण, पावणेदोन-दोन दिवस घेतो. आणि ०.२ मायक्रॉनचा कण? पाच-सहा महिने, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. तुमच्याकडे पंप चालू आहे, पाऊस पडतोय, मासे फिरताहेत. त्यात या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात, जवळ येऊन मोठे होत नाहीत. तुरटीतलं अॅल्युमिनियम हा भार मारतं, मग कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि गुठळ्या बसतात. तुरटीचं काम एवढंच. माती कुठून येते याच्याशी तुरटीला देणंघेणं नाही.

म्हणून माझा प्रश्न तुरटीच्या आधीचा आहे. पाऊस पडताना छत्री घेऊन तळ्यापाशी उभ्या राहा आणि पाणी कुठल्या बाजूने आत येतंय ते बघा. डोंगराच्या पायथ्याला, उघड्या मुरमाच्या उतारावर, तळ्याची कड जमिनीच्या पातळीत असेल तर प्रत्येक सरीला नवी माती आत जाणार. आज निवळवाल, परवा पुन्हा गढूळ. आपल्या भागात पावसाळ्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. प्रत्येक सरीनंतर तुरटी टाकणार का?

रानजाई

जुना_केमिस्ट यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझी शंभर टक्के सहमती. मी ठाण्यात वर्तकनगरला गच्चीवर आणि आमच्या आवारात कमळं-कुमुदं लावते, म्हणून टोपल्यांबद्दल विचारते. त्यात कोणती माती भरलीत? वर खडी आहे का?

नर्सरीवाले बहुतेक वेळा लाल माती, शेणखत, कोकोपीट असं कुंडीचं मिश्रण भरून देतात. पाण्यात कोकोपीट आणि गांडूळखत वर तरंगतं, खताने पाणी हिरवं होतं आणि लाल माती हळूहळू सुटत राहते. कुमुदाला जड, चिकट, शेतातली काळी किंवा गाळाची माती हवी, खत अगदी थोडं आणि तेही तळाशी. टोपलीला आतून गोणपाटाचं अस्तर द्या. माती ओली करून दाबून भरा, वर इंचभर धुतलेली खडी. मग टोपली पाण्यात तिरकी, हळूहळू सोडायची म्हणजे आतली हवा एकदम बुडबुडे काढत निघत नाही.

खडी नसेल तर मासे माती उकरतात. गप्पी फारसे नाही उकरणार, पण पुढे कोणी हौसेने कोई किंवा गोल्डफिश सोडले तर ते दिवसभर तळ हुंगत फिरतात. तेव्हा कुठलंच पाणी स्वच्छ राहत नाही.

बकुळफुले

सगळ्यांचे मनापासून आभार. बरणी ठेवली होती. सकाळी खाली पातळ थर बसला होता, पण वरचं पाणी तसंच तांबूस. म्हणजे चिकणमाती.

पाऊस पडताना उभी राहिले. डोंगराकडच्या बाजूने मुरमावरून लाल पाण्याची धार थेट कागदाच्या कडेवरून आत येते. कड जमिनीला अगदी समतल ठेवलीय, काम करणाऱ्या ठेकेदाराने "नैसर्गिक दिसेल" असं सांगितलं होतं. टोपल्यांवर खडी नाही, आणि पंप थेट तळाला ठेवलाय, त्याचं तोंड आडवं आहे.

कोलशेतकर

पंप आधी उचला. दोन विटांवर ठेवा आणि पाणी सोडणारी नळी पृष्ठभागाजवळ वर तोंड करून लावा. वरचं पाणी हललं की प्राणवायू मिसळतो, तळ शांत राहतो. हे आजच होण्यासारखं आहे.

जुना_केमिस्ट

आता कड. तळ्याच्या चारही बाजूंनी जमिनीपेक्षा चार इंच तरी उंच पाळ हवी. कागदाची कड त्या पाळीवरून घेऊन पलीकडे गाडा. दिसायला जांभ्याचे चिरे किंवा दगड वर ठेवा, नैसर्गिकच दिसेल. डोंगराकडच्या बाजूला पाळीपासून फूट-दोन फूट अंतरावर वीतभर खोल चर खणा, त्यात मोठी खडी भरा आणि तिचा उतार सोसायटीच्या पावसाळी गटाराकडे द्या. उतारावरचं पाणी चरात पडेल, तळ्याला वळसा घालून जाईल. तळ्यात फक्त आभाळातून पडणारा पाऊस यावा.

तळ्याला सांडवाही हवा. कडेच्या दोन-तीन इंच खाली पाइप बसवा, त्याला जाळी लावा. नाहीतर मुसळधार पावसात तळं भरून वाहील आणि तुमचीच पाळ धुऊन नेईल.

उघडा मुरूम झाकणं सगळ्यात महत्त्वाचं. पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आपटतो तेव्हा बारीक कण सुटे होतात, पाणी वाहून नेतं ते नंतर. झाडं वाढेपर्यंत काथ्याची जाळी अंथरा, तिच्या छिद्रांतून लावणी करता येते.

रानजाई

उतारावर वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली जातात आणि माती जागेवर धरून ठेवतात. मध्ये दूर्वा. कडेच्या ओल्या पट्ट्यात वेखंड आणि कर्दळ. पावसाळा लावणीला उत्तम, वेगळं पाणी घालावं लागत नाही.

पाण्याखालची झाडं, हायड्रिला वगैरे, आत्ता नका टाकू. गढूळ पाण्यात ऊन खाली पोचत नाही, ती कुजतील. कुमुदाचं पान वर येऊन तरंगतं म्हणून त्याचं चालतं. आणि कोणी कितीही प्रेमाने दिली तरी जलपर्णी घेऊ नका. आपल्या तलावांचं तिने काय केलंय ते आपण बघतोच.

देवरुखी

तुरटीचा विषय निघालाच आहे तर एक भर. आमच्याकडे आजी निवळीचं बी मातीच्या भांड्याच्या आत घासायची आणि मग त्यात गढूळ पाणी ओतायची. काही तासांत वरचं पाणी नितळ. सुश्रुतसंहितेत पाणी निवळवण्याच्या साधनांत कतक सांगितलंय, ते हेच. शेवग्याच्या बियांची पूडही तसंच काम करते. मासे आहेत तर हे जास्त सुरक्षित नाही का?

जुना_केमिस्ट

देवरुखी, दोन्ही खरं आहे आणि मला त्या ज्ञानाचा फार आदर आहे. या बियांतली प्रथिनं आणि इतर द्रव्यं कणांना एकत्र आणतात. पण हंडाभर पाणी पिण्यासाठी निवळवणं वेगळं आणि तळं निवळवणं वेगळं. १० × ७ × २ म्हणजे १४० घनफूट, एका घनफुटात साधारण २८.३ लिटर, म्हणजे जवळपास चार हजार लिटर. एवढ्याला शेवग्याची पूड किलोच्या हिशेबात लागू शकते. ती गाळाबरोबर तळाशी बसणार, कुजणार, पाण्यातला प्राणवायू खाणार. हंड्यातला गाळ आपण रोज फेकतो, तळ्यात तो राहतो.

सदस्य६१

मग तुरटीचं प्रमाण तरी नीट सांगा. आम्ही हंड्यात फिरवायचो ते अंदाजानेच.

जुना_केमिस्ट

सांगतो. पण क्रम लक्षात ठेवा: पाळ, चर, टोपल्यांवर खडी, पंप वर. मग मोठा पाऊस होऊन जाऊ द्या आणि नवी माती येत नाही याची खात्री करा. तोवर तुरटीला हात लावू नका.

बादलीची परीक्षा करा. १० ग्रॅम तुरटी कुटून १ लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी असते. तळ्याच्या पाण्याच्या तीन बादल्या घ्या, प्रत्येकी १० लिटर. औषधाच्या सिरिंजने एकीत १० मिलि, दुसरीत २०, तिसरीत ४० मिलि द्रावण घाला. म्हणजे लिटरला १०, २० आणि ४० मिलिग्रॅम. मिनिटभर जोरात ढवळा, मग दहा-पंधरा मिनिटं अगदी संथ. संथ ढवळणं सोडू नका, गुठळ्या तेव्हाच मोठ्या होतात. मग हात न लावता ठेवा. तासा-दोन तासांनी ज्या सगळ्यात कमी मात्रेच्या बादलीत पाणी निवळलं ती तुमची मात्रा. समजा २० ची निघाली, तर चार हजार लिटरला ८० ग्रॅम. एवढीच. मूठभर वाटते, पण पुरते.

आता सुरक्षितता. तुरटी पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल झेलून पीएच स्थिर ठेवायची ताकद, खाते. पावसाचं पाणी मऊ असतं, त्यात क्षारता फार कमी, म्हणून पावसाळ्यात भरलेल्या तळ्यात पीएच झपकन घसरतो. मत्स्यालयाच्या दुकानात पीएच आणि क्षारता, ते केएच म्हणतात, मोजायचे संच मिळतात. दोन्ही आणा. वाण्याकडची तुरटी पोटॅशची असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमला साधारण अर्धा ग्रॅम खायचा सोडा दिला की क्षारतेचं नुकसान भरून निघतं. जलशुद्धीकरणाची तुरटी म्हणजे अॅल्युमिनियम सल्फेट, तिच्यात अॅल्युमिनियम जास्त, तिला सोडाही जास्त लागतो. म्हणून ज्या तुरटीने बादलीची परीक्षा केली तीच तळ्यात वापरा. सोडा आधी विरघळवून पसरवा, मग तुरटीचं द्रावण संपूर्ण पृष्ठभागावर शिंपडा. पीएच ६.५ च्या खाली जाऊ देऊ नका. परीक्षेच्या बादलीतला पीएचही मोजा, तळ्यात काय होणार ते तिथेच कळतं.

चुन्याची निवळी कोणी सुचवली तर मासे असताना वापरू नका, पीएच एकदम वर जातो.

कोलशेतकर

मी मासे काढूनच करा म्हणेन. टबमध्ये तळ्याचंच पाणी घ्या, वर जाळी टाका, सावलीत ठेवा. गप्पी काटक असतात, टबात आरामात राहतील. तळ्याचा पीएच स्थिर झाला की परत सोडा.

ज्यांना मासे बाहेर काढणं शक्य नाही त्यांच्यासाठी शेतीचं जिप्सम हा सौम्य मार्ग आहे. पीएचवर परिणाम जवळजवळ नाही. तुरटीपेक्षा खूप जास्त लागतं, लिटरला २००-३०० मिलिग्रॅम, म्हणजे या तळ्याला साधारण किलोभर, आणि परिणाम सावकाश दिसतो. मूर्तीसाठी वापरतात ते प्लास्टर ऑफ पॅरिस मात्र नको, ते पाण्यात घट्ट होतं.

बकुळफुले

आज सगळ्यांनी मिळून पाळ केली. जांभ्याचे चिरे एका सभासदाने आणून दिले. चर खणताना मुलांनीही घमेली उचलली. काथ्याची जाळी उद्या येतेय, वाळ्याची ठोंबं मिळाली आहेत.

डासांचा मुद्दा सोसायटीच्या बैठकीत पुन्हा आला. त्यांना काय सांगू?

रानजाई

काळजी रास्त आहे, त्यांना तसं सांगा. डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या तुलनेने स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे पाणी स्वच्छ झालं की धोका संपला असं नाही. पण हलत्या पाण्याच्या आणि मासे असलेल्या तळ्यात अळ्या टिकत नाहीत. धोका असतो तो तळ्याभोवती: दगडांच्या खोबणी, कुंड्यांखालच्या ताटल्या, ताडपत्रीच्या घड्या. बैठकीत सांगा की आठवड्यातून एकदा ठरावीक वारी त्या सगळ्या कोरड्या करायची जबाबदारी तळ्याचा गट घेईल. महापालिकेचा हिवताप विभागही गप्पी मासे सोडतो, त्यामुळे ही पद्धत त्यांना नवी नाही.

कोलशेतकर

यात एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले. सांडव्याच्या पाइपला बारीक जाळी हवीच, नाहीतर ते गटारातून नाल्यात आणि नाल्यातून धारण तलावात (पावसाचं पाणी साठवायला शहरात केलेल्या तलावात) जातील. आपले स्थानिक छोटे मासेही अळ्या खातात, त्यांच्या अन्नावर आणि जागेवर हे पाहुणे हक्क सांगतात. कोणाला मासे नकोसे झाले तर मित्राला द्या, तलावात सोडू नका.

बकुळफुले

कळवायला आनंद होतोय. चर आणि पाळ झाल्यावर दोन दिवस धो धो पाऊस झाला, लाल धार चरातून बाजूला गेली, तळ्यात एक थेंब आला नाही. नुसत्या तेवढ्याने पाणी बरंच उजळलं, टोपल्यांचे कान दिसू लागले. मग बादलीची परीक्षा केली. १० च्या बादलीत धूसर राहिलं, २० च्या बादलीत लख्ख. मासे टबात काढले, आधी ४० ग्रॅम सोडा, मग ८० ग्रॅम तुरटी. पीएच ७.२ वरून ७ वर आला, तिथेच थांबला. संध्याकाळी कागदाच्या घड्या मोजता येत होत्या.

तळाशी मऊ तपकिरी साय बसलीय. ती काढायची का?

जुना_केमिस्ट

हो, पण ढवळू नका. नळीने सायफन लावून हळूहळू ओढून घ्या, पंपाने नको. तोंडाने ओढू नका, नळी पाण्याने भरून एक टोक बोटाने दाबून खाली न्या. निघालेलं गाळाचं पाणी वाळ्याच्या मुळाशी सोडा, एवढ्याशा तुरटीने झाडांना काही होत नाही. जेवढं पाणी काढाल तेवढं नळाचं भरताना ते चोवीस तास उघड्या पिंपात ठेवून मगच घाला, क्लोरीन उडून जातं. एका वेळी पाव तळ्याहून जास्त पाणी बदलू नका.

खारघरवासी

धागा फार उपयोगी, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न जरा वेगळा. आमच्या बंगल्यात सिमेंटचा हौद बांधलाय, पाणी गढूळ आहे पण पांढुरकं. रात्रभर बरणीत ठेवलं, तळाशी पांढरा थर बसला. तुरटी टाकू का?

जुना_केमिस्ट

नको. तुमच्याकडे माती नाही, नव्या सिमेंटमधला चुना सुटतोय. पीएच मोजा, ९ किंवा १० च्या वर निघेल. त्यात मासे आणि कुमुद दोन्ही जगणार नाहीत. हौद पूर्ण भरा, आठवडाभर ठेवा, सगळं पाणी काढा, भिंती काथ्याच्या ब्रशने घासा, पुन्हा भरा. असं पीएच ८.५ च्या खाली येऊन टिकेपर्यंत करत राहा. घाई असेल तर हौद पूर्ण वाळवून पिण्याच्या टाकीला चालणारा इपॉक्सीचा थर देऊन घ्या, तो नीट सुकला की एकदा धुऊन पाणी भरा. काढलेलं चुन्याचं पाणी झाडांना घालू नका.

खारघरवासी

आजच पीएचची पट्टी लावली, १०.५ दाखवते. हौद रिकामा करायला घेतोय. कुमुद तोवर प्लॅस्टिकच्या टबात ठेवलं तर चालेल का?

रानजाई

चालेल. फुटभर तरी खोल टब घ्या, दिवसाचं पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी ठेवा, आणि पान पाण्यावर तरंगेल इतकंच पाणी आधी भरा, मग देठ वाढेल तसं वाढवत न्या. टबातही दोन गप्पी सोडा.